ओट पेरा, पण मका सोडून नको

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

आपल्या पेपरात मक्याचा भाव, पोल्ट्रीवाल्यांची अडचण, अंड्याचा दर यावर बातम्या येत असतात आणि आमच्या खानापूर तालुक्यात त्या जरा जास्तच बारकाईनं वाचल्या जातात कारण विटा गावाच्या आजूबाजूला दर दोन वस्त्या सोडून एक कोंबड्यांचं शेड आहे. त्याच विषयाला धरून हे पत्र लिहितोय, जागा मिळाली तर छापा.

सध्या मोबाईलवर व्हिडिओ फिरतायत की मका महाग झाला तर कोंबड्यांना ओट (ओट्सचं धान्य) घाला, एकरभर ओट पेरला की खाद्याचा खर्च निम्म्यावर येतो, प्रोटीन मक्यापेक्षा जास्त वगैरे वगैरे. गावातली दोन-चार पोरं येऊन विचारून गेली, बियाणं कुठं मिळतं म्हणून. मी स्वतः ओट वैरणीसाठी करतो, म्हशी आहेत, सोबत कावेरी जातीच्या आणि गावरान कोंबड्या आहेत, आणि वैरणीच्या ओटातला एक पट्टा दाण्याला सोडून तो कोंबड्यांना घालतो. त्यामुळं ओट वाईट असं मी म्हणणार नाही. पण त्या व्हिडिओत जे सांगतात ते आणि खरं जे आहे त्यात लई अंतर आहे आणि या नादात कुणी शेडभर लेअरचं, म्हणजे अंड्याच्या कोंबड्यांचं, खाद्य बदलून बसू नये म्हणून हे लिहावं वाटलं. माझं म्हणणं एवढंच की ज्याच्याकडं पाणी आहे, दोन जनावरं आहेत आणि थोड्या कोंबड्या आहेत त्याला ओट परवडतो. बाकीच्यांनी त्याच्या मागं लागू नये.

आधी मक्याचं बोलू. मका का तापला ते आपल्या सांगली-साताऱ्याला वेगळं सांगायला नको, कारण साखर कारखान्याची धुराडी आपल्याच दारात आहेत. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्रानं उसाच्या रसापासून इथेनॉल (पेट्रोलमध्ये मिसळतात ते) करायला लगाम घातला, मग डिस्टिलऱ्या मक्याकडं वळल्या, मक्याच्या इथेनॉलला लिटरला ७१ रुपये ८६ पैसे दर मिळाला आणि जो मका आजपर्यंत कोंबडी आणि जनावरं खात होती त्यात गाडीच्या टाकीचा वाटा पडला. हमीभावसुद्धा २०२३-२४ ला क्विंटलला २०९० होता तो २०२५-२६ ला २४०० झाला. आता यात मका पिकवणाऱ्याचं काय चुकलं? काहीच नाही. हमीभाव कागदावर वाढतो, बाजारात तेवढा मिळेलच असं नाही. भाव चढला की पोल्ट्रीवाला ओरडतो बाहेरून मका आणा म्हणून, भाव पडला की मकावाला रडतो, आणि आमच्या भागात तर हे दोघं बऱ्याचदा एकाच घरात असतात, थोरल्याचं शेड आणि धाकट्याचा मका. त्यामुळं आयात करा ही मागणी मला तरी पटत नाही, पण तो वेगळा विषय आहे.

दुसरी गोष्ट जी व्हिडिओवाले कधीच सांगत नाहीत. आपल्याकडचे बहुतेक ब्रॉयलरवाले, म्हणजे मांसाची कोंबडी करणारे, करारावर पक्षी वाढवतात. पिल्लं कंपनीची, खाद्य कंपनीचं, औषध कंपनीचं, आपलं फक्त शेड, लाईट, पाणी आणि कष्ट. त्यांना खाद्यात काय घालायचं हे ठरवायचा अधिकारच नाही, त्यामुळं ओट असो नाहीतर सोनं असो, त्यांच्या हिशोबात काही फरक पडत नाही. आणि समजा एखादा स्वतःच्या जिवावर ब्रॉयलर करतोय, तरी ब्रॉयलरला ओट घालायचा नाही, त्याचं कारण पुढं येईलच.

ओटाच्या दाण्याला बाहेरून टरफल असतं आणि ते मळणीत निघत नाही, भातासारखं दाण्याला चिकटून राहतं. हे टरफल दाण्याच्या वजनाच्या पाव भाग, कधी त्याच्याही वर जातं. म्हणजे पोतं उचललं तर त्यातला चौथा हिस्सा नुसतं तूस. दुकानात नाश्त्याला जे चपटे ओट मिळतात ते टरफल काढून वाफवून दाबलेले असतात, त्याचा आणि आपल्या शेतातल्या दाण्याचा काही संबंध नाही, हे पोरांना सांगावं लागतं कारण त्यांच्या डोक्यात ते पाकीटच असतं. तर टरफलासकट ओटात प्रोटीन ११-१२ टक्के असतं, मक्यात साडेआठ-नऊ. इथपर्यंत व्हिडिओ बरोबर आहे. लायसिन (प्रोटीनमधला कोंबडीला लागणारा एक घटक) पण मक्यापेक्षा बरं आहे, तेलाचा अंश पण थोडा जास्त आहे, साडेचार-पाच टक्के. पण चोथा म्हणजे फायबर मक्यात दोन-अडीच टक्के आणि ओटात दहा-बारा टक्के. आणि कोंबडी काय म्हैस नाही, तिला रवंथ करता येत नाही, तो चोथा तिच्या पोटातून तसाच बाहेर पडतो. म्हणून किलोमागं कोंबडीला मिळणारी ऊर्जा मक्यातून साधारण ३३०० किलोकॅलरी धरतात तर ओटातून अडीच हजाराच्या आसपास. सगळा खेळ इथं आहे. खाद्यात मका घालतात तो प्रोटीनसाठी नाही, ऊर्जेसाठी घालतात. प्रोटीन सोयापेंडीतून येतं. मग ज्या कामासाठी मका आहे त्याच कामात ओट पाव हिश्श्यानं कमी पडतो.

ब्रॉयलरच्या शेवटच्या खाद्यात किलोला ३१००-३२०० किलोकॅलरी लागते, तिथं ओट घातला की ती भरायला वरून तेल ओतावं लागतं आणि तेलाचा भाव काय आहे ते घरातल्या बाईला विचारा. लेअरचं खाद्य साधारण २६०० वर चालतं म्हणून तिथं थोडा वाव आहे.

आता हिशोब करून बघू. शंभर कोंबड्या अंड्यावर आहेत, एकीला दिवसाला ११० ग्रॅम खाद्य म्हणजे दिवसाला ११ किलो, वर्षाला ४० क्विंटल. त्यात मक्यातला थोडा कमी करून १५ टक्के ओट घातला तर वर्षाला सहा क्विंटल ओट लागतो. एवढ्या बदलानं खाद्याची ऊर्जा किलोमागं शंभर-सव्वाशे किलोकॅलरीनं उतरते, कोंबडी ती भरून काढायला चार-पाच ग्रॅम जास्त खाते. म्हणजे वर्षाला दीड-पावणेदोन क्विंटल खाद्य जास्तीचं गेलं. आणि प्रोटीन जास्त म्हणून सोयापेंड किती वाचते? क्विंटलभर खाद्यात फार तर किलो-सव्वा किलो. मग बाजारभावाच्या भाषेत बोलायचं तर मका २४०० ला असेल तेव्हा कोंबडीच्या दृष्टीनं ओटाची लायकी १९०० च्या आसपासच राहते. या भावानं ओट विकत कुठं मिळतो ते मला दाखवा. बाजार समितीत ओटाचा सौदाच निघत नाही, मिळतो तो बियाणं म्हणून आणि बियाण्याच्या भावानं. म्हणजे ओट विकत आणून कोंबडीला घालणं हा धंदाच नाही, तसंच फक्त दाणा विकायचा म्हणून ओट पेरणं हाही नाही, घ्यायला गिऱ्हाईक कोण?

मग मी कशाला करतो असं कुणी म्हणेल. सांगतो.

आमच्याकडं टेंभू उपसा योजनेचं पाणी आल्यापासून रब्बीत वैरणीचा प्रश्न थोडा सुटला. पूर्वी या भागात शाळू (रब्बी ज्वारी) आणि कडबा एवढंच होतं, आता थंडीत हिरवं काहीतरी लागतं कारण दूध त्याच्यावर आहे. ओट हे मूळचं थंडीचं पीक, आणि झाशीच्या चारा संशोधन संस्थेनं, आपल्या राहुरीच्या विद्यापीठानं त्याच्या चाऱ्याच्या जाती काढल्या आहेत, केंट ही जुनी जात, झाशीची जेएचओ-८२२, राहुरीची फुले हरिता. ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत पेरायचं, एकरी ४० किलोच्या आसपास बी, पाभरीनं फूटभर अंतरावर, आणि पन्नास-पंचावन्न दिवसांनी पहिली कापणी येते. कापताना जमिनीपासून चार बोटं वर सोडायचं, पार खरडून कापलं तर फुटवा नीट येत नाही. मग पाणी आणि थोडा युरिया दिला की परत फुटतं. बहुतेक लोक दुसरी कापणी पण वैरणीलाच घेतात, मी रानाच्या एका कडेचा पट्टा सोडतो, त्याला पुन्हा विळा लावत नाही. तो मार्चमध्ये वाळतो, कापून पेंढ्या बांधायच्या आणि गव्हाच्या मळणी मशीनवर काढायचं, पंख्याचं वारं जरा कमी ठेवायचं कारण दाणा हलका असतो आणि भुश्शात उडून जातो.

आता बघा, एकाच पेऱ्यात डिसेंबरात म्हशीला हिरवं मिळालं, मार्चमध्ये कोंबडीला दाणा मिळाला आणि उरलेलं काड परत म्हशीलाच. आणि ओटाचं काड गव्हाच्या काडासारखं टोचरं नसतं, मऊ असतं, जनावर गव्हाचं काड नाक मुरडून खातं आणि हे आवडीनं खातं. म्हणून दाण्याचा खर्च माझ्या अंगावर पूर्ण पडतच नाही, निम्म्याहून जास्त तर दुधानं आधीच फेडलेला असतो. ज्याच्याकडं जनावर नाही त्याच्यासाठी हा हिशोब उभाच राहत नाही, आणि व्हिडिओत म्हैस कुठंच दिसत नाही.

दाण्याचं उत्पन्न किती? न कापता नुसत्या दाण्याला सोडलं आणि रान चांगलं असलं तर एकरी आठ-दहा क्विंटल धरा, एक कापणी घेऊन सोडलं तर त्याहून कमी. म्हणजे शंभर कोंबड्यांच्या सहा क्विंटलला एकराच्या आत-बाहेर रान लागतं. उशिरा पेरलं तर मात्र फजिती. फेब्रुवारीच्या शेवटी आपल्याकडं जे ऊन लागतं, जतला आणि माणला तर अजून आधी, त्या उन्हात दाणा भरायच्या आधीच पिकतो, बारीक राहतो आणि मग टरफलाचा वाटा अजून वाढतो, म्हणजे आधीच कमी असलेली ऊर्जा अजून कमी. डिसेंबरात पेरून मेच्या सुट्टीत दाणा काढू म्हणणाऱ्यानं वैरणच करावी, दाण्याचा विचार सोडावा. पाणी पण चार-पाच पाळ्या लागतातच. जिथं आवर्तनाचा भरवसा नाही तिथं शाळूच बरा, शाळू जमिनीतल्या ओलीवर येतो, ओट येत नाही.

हा प्रश्न पण रास्त आहे की मग ज्वारी-बाजरीच कोंबडीला का घालत नाही. घालावी की! बाजरीत प्रोटीन ओटाएवढंच, चोथा खूप कमी, ऊर्जा जास्त. माणदेशातल्या, आटपाडीच्या बाजूच्या माणसानं तर आधी बाजरीचाच विचार करावा, पावसाळी पीक आहे, पाणी नको, आणि कोंबडीला पाखडून मागं राहिलेली बारीक दाण्याची बाजरी सुद्धा चालते, काळी पडलेली मात्र नको. ज्वारी पण मक्याच्या जवळ जाते. फक्त शाळू आता माणसालाच महाग झालाय, तो कोंबडीपुढं टाकायला हात धजत नाही. ओट बाजरीच्या वरचढ आहे असं नाहीच, ओट थंडीत येतो आणि बाजरी पावसाळ्यात, एवढाच त्याचा फायदा. खरीप निघालेल्या मोकळ्या रानात तो बसतो.

आणि एक फायदा काढणीच्या वेळेचा. खरिपाचा मका निघतो परतीच्या पावसात, कणसं भिजतात, वाळवायला ऊन नसतं, सोळा-अठरा टक्के ओलाव्यानं पोती भरली जातात आणि मग आतून हिरवी-काळी बुरशी. त्या बुरशीचं विष म्हणजे अफ्लाटॉक्सिन, लेअरवाल्याला हे नाव सांगायला नको, अंडी घटतात, लिव्हर खराब होतं, लस दिली तरी नीट लागत नाही. इथेनॉल काढून उरलेला जो मक्याचा चोथा आता खाद्यात येतोय, डीडीजीएस म्हणतात त्याला, त्यात तर मूळ मक्यात विष असेल तर ते तिपटीनं गोळा होतं कारण स्टार्च निघून गेलेला असतो, म्हणून स्वस्त मिळतो म्हणून डोळे झाकून घेऊ नये, तपासून घ्यावा. ओट मार्चच्या खणखणीत उन्हात निघतो, आपोआप वाळलेला असतो, पत्र्याच्या कोठीत नीट टिकतो. अर्थात रब्बीचा मका पण उन्हातच निघतो, तेव्हा हे श्रेय ओटाचं म्हणण्यापेक्षा मार्चच्या उन्हाचं.

मला खरी किंमत वाटते ती ज्या टरफलाला आत्तापर्यंत नावं ठेवली त्याच टरफलाची. कोंबडीच्या पोटात जी जाड स्नायूंची पिशवी असते, कलेजीबरोबर मिळते ती, तिचं काम दाणा दळायचं. बारीक पीठ खाऊन खाऊन ती पिशवी आळशी होते, लहान राहते. ओटाचं टरफल तिला काम देतं, पिशवी मोठी आणि दणकट होते, खाद्य पोटात जास्त वेळ थांबतं आणि नीट पचतं. शिवाय पोट भरल्यासारखं राहिल्यामुळं कोंबड्या एकमेकींची पिसं उपटायचं कमी करतात. ज्यानं शेडमध्ये एकदा टोचाटोची सुरू झालेली बघितलीय, एकीच्या शेपटीपाशी रक्त दिसलं की सगळ्या तिच्यावर तुटून पडतात, त्याला याची किंमत कळेल. आपण त्याच्यावर उपाय म्हणून चोची कापतो. स्वीडन, नॉर्वे, फिनलंड या देशांत चोच कापायला बंदी आहे आणि तिथं कोंबडीच्या खाद्यात ओट नेहमीचा. अर्थात तिथं दाण्याचा मका फारसा पिकण्याइतकी ऊब नाही म्हणून पण ते ओट घालतात, त्यांचं बघून आपण मका टाकून द्यायचं कारण नाही. पण पाच-दहा टक्के ओट नुसता या टोचाटोचीसाठी घातला तरी मोकळ्यावर फिरणाऱ्या, चोच न कापलेल्या कोंबड्यांना त्याचा उपयोग आहे. मी तर अंड्यावरच्या मोठ्या कोंबड्यांना संध्याकाळी दाणा तसाच अख्खा टाकतो, भरडत पण नाही, फक्त बाहेर फिरून त्यांना बारीक खडे मिळायला पाहिजेत. बांधलेल्या पिंजऱ्यातल्या कोंबडीला अख्खा दाणा घालू नका, तिला खडे कुठून मिळणार, तिथं भरडाच करून मिसळायचा.

पिल्लांना मात्र ओट अजिबात नको. ओटात बीटा-ग्लुकन नावाचा एक चिकट तंतू असतो. नाश्त्याच्या पाकिटावर हृदयाला चांगला म्हणून मोठ्या अक्षरात लिहितात तोच हा, पण माणसाला जे औषध ते पिल्लाला त्रास. पिल्लाच्या आतड्यात तो खळीसारखा घट्ट होतो, खाल्लेलं नीट पचत नाही, विष्ठा चिकट होते, मागचा भाग बरबटतो, शेडमध्ये खाली पसरलेलं तूस ओलं होतं आणि ओल्या तुसाचा वास डोळ्याला झोंबायला लागला की पुढचं सगळं दुखणं ठरलेलं. मोठ्या कोंबडीचं आतडं तयार झालेलं असतं, तिला पंधरा टक्क्यापर्यंत फारसं जाणवत नाही, पण त्याच्या पुढं गेलं की अंडी घाण व्हायला लागतात. यावर हा तंतू फोडणारं बीटा-ग्लुकनेज नावाचं एन्झाईम मिळतं, मोठे फीडवाले घालतात, आपल्यासारख्यानं शंभर कोंबड्यांसाठी ते कुठं मोजत बसायचं, प्रमाण कमी ठेवणं हाच साधा उपाय.

गावरान अंड्याचा एक प्रश्न अजून आहे, बलकाच्या रंगाचा. सांगली-मिरजेचं गिऱ्हाईक अंडं फोडून बघतं, बलक केशरी नसला की म्हणतं ही गावरान नाहीच, फसवलं. हा रंग पिवळ्या मक्यातून आणि हिरव्या पाल्यातून येतो. ओटाच्या दाण्यात तो रंग नाही. म्हणून मका कमी करून ओट वाढवला की बलक फिका पडतो. पण त्याच ओटाचा कोवळा पाला बारीक कापून कोंबड्यांपुढं टाकला की रंग परत येतो, थंडीभर हिरवं असतंच रानात, त्यातली एक पेंढी कोंबड्यांची. उन्हाळ्यात लसूणघास नाहीतर शेवग्याचा पाला. हे गिऱ्हाइकाशी वाद घालण्यापेक्षा सोपं पडतं.

आता धोक्याच्या दोन गोष्टी. दुकानातून आणलेलं बियाणं उरलं म्हणून कोंबडीला घालायचं नाही, त्याला बुरशीनाशक चोळलेलं असतं, बऱ्याचदा लाल-गुलाबी रंग असतो, आणि पोतं रिकामं करायच्या नादात कुणीतरी ते घालतंच. आणि वैरणीच्या ओटाला युरिया ढिगानं टाकून लगेच कापून जनावराला घालायचं नाही, ढगाळ हवेत तर मुळीच नाही, चाऱ्यात नायट्रेट साठून जनावर दगावू शकतं. हायड्रोपोनिकचे, म्हणजे मातीशिवाय नुसत्या पाण्यावर चारा उगवायचे, ट्रे घेऊन फिरणारे एजंट पण हल्ली ओटाचं नाव घेतात, एक किलोचं सहा किलो होतं म्हणतात. होतं, पण वाढलेलं सगळं पाणी असतं, सुका माल उलट थोडा घटलेलाच असतो. कोंबडीला हिरवं म्हणून चिमूटभर ठीक आहे, खाद्य म्हणून त्याच्यावर मशीनचं कर्ज काढू नका.

शेवटी सरकारी खात्यांकडं एक मागणं, आणि पत्र लिहायचं खरं कारण तेच आहे. ओटावर आपल्याकडं जेवढं काम झालंय ते बहुतेक चाऱ्यासाठी. एकरी हिरवा चारा किती, कापण्या किती, हे विचारलं तर कृषी सहायक सांगतो. पण एक कापणी घेऊन दाण्याला सोडला तर कडेगाव-खानापूरच्या उन्हात कुठली जात भरते, टरफल कुठल्या जातीचं कमी, कधीच्या पेऱ्याचा दाणा वजनदार, हे विचारलं की सगळे एकमेकांकडं बघतात. बोरगाव, कालवडे, कांचनपूर, आपल्या दोन जिल्ह्यांत कृषी विज्ञान केंद्रं आहेत, शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, एकानं शेतातलं बघावं आणि एकानं कोंबडीवरचं. चार गुंठ्याचे प्लॉट पुरे आहेत, फार मोठा खर्च नाही. पशुसंवर्धन खात्याच्या वैरण बियाण्याच्या योजनेत ओटाचं बी देताना त्यातलं थोडं दाण्याला सोडायचं आणि पुढच्या वर्षीचं बी घरचंच ठेवायचं, एवढं जरी पिशवीवर छापलं तरी दरवर्षी बियाण्यासाठी दुकानाच्या दारात उभं राहावं लागणार नाही, ओटाचं बी घरी धरता येतं, ते काही मक्यासारखं हायब्रीड नाही. आणि खाद्य तपासायची सोय तालुक्याच्या जवळ पाहिजे. मोठ्या लेअरवाल्याची गाडी पुण्यापर्यंत सॅम्पल घेऊन जाते, पन्नास-शंभर कोंबड्यावाली बाई कुठं जाणार? बचत गटातल्या बायकांनी हल्ली कोंबड्या केल्यात, त्यांना तर बाजारातलं पोतं आणि पोत्यावर छापलेला आकडा एवढाच आधार आहे.

हे सगळं ऑक्टोबरच्या आत व्हायला पाहिजे. पेरा झाल्यावर सल्ला येऊन काय उपयोग, तोवर व्हिडिओ बघून अर्ध्या तालुक्यानं ओट आणलेला असेल.

कळावे,
आपला नेहमीचा वाचक
एक कोंबडीपालक शेतकरी, ता. खानापूर, जि. सांगली